पासिंगचा सेट

विश्रांतवाडीच्या हिंमतरावांना माणसांबद्दल फारसा आदर नव्हता, आणि जुन्या जीपवाल्यांबद्दल तर मुळीच नव्हता. तीस वर्षं आळंदी रस्त्याला गॅरेज चालवल्यावर गाडी आतून किती गंजली आहे आणि मालक किती, हे त्यांना बॉनेट उघडायच्या आधीच कळायचं. त्यातही कसबा पेठेतले दत्तप्रसाद रिसबूड त्यांचे खास लाडके. विमा कंपनीत बसून दुसऱ्यांचे दावे नामंजूर करण्यात रिसबुडांची हयात गेली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी अठ्ठ्याहत्तर सालची जीप घेतली आणि तेव्हापासून भेटेल त्याला ते एकच शब्द ऐकवत. ओरिजिनल.

ओरिजिनल म्हणजे काय, तर गाडीतला एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही. ब्रेकचं मास्टर सिलिंडर ओरिजिनल, म्हणून ते गळतं. ब्रेकचे ड्रम ओरिजिनल, म्हणून ते झिजून गुळगुळीत झालेत. ब्रेक एकदा दाबला की पाय नुसता खाली जातो, दुसऱ्यांदा दाबला की गाडी विचार करते आणि तिसऱ्यांदा लागला तर लागतो. नवीन घालू म्हटलं की रिसबूड अशा नजरेने बघायचे, की जणू त्यांच्या देवघरातला बाळकृष्ण कुणी मोडीत काढायला निघालंय. कारण काय, तर जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात परीक्षक गाडीखाली वाकून बघतात आणि नवा पार्ट दिसला की गुण कापतात. सत्तरीला टेकलेल्या माणसाला गुणांची हाव! शाळेत कमी पडले असतील, असं हिंमतराव म्हणायचे.

पण दर पाच वर्षांनी गाडी आरटीओत पासिंगला न्यावीच लागते, आणि तिथल्या इन्स्पेक्टरला ओरिजिनलचं काही कौतुक नसतं. तो गाडी पळवायला लावतो आणि म्हणतो, थांबवा. थांबली तर पास. यावर रिसबूड आणि त्यांचे तीन जीपवाले मित्र, सगळे एकाहून एक शिकलेले, यांनी डोकं लढवलं. चौघांनी मिळून एकच सेट घेतला. नवं मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे ब्रेक, चार टायर, हेडलाइटची जोडी आणि हॉर्न. ज्याची गाडी पासिंगला जाणार, तिला आदल्या दिवशी हिंमतरावांनी सेट चढवायचा. गाडी पास झाली की दुसऱ्या दिवशी उतरवायचा आणि ओरिजिनल भंगार परत जागच्या जागी बसवायचं.

चार जीप, चार सर्टिफिकेटं आणि ब्रेक एकच. यात इन्स्पेक्टरची काडीचीही चूक नव्हती. त्याने तपासलेली गाडी खरोखर चांगली होती, फक्त दुसऱ्या दिवशी ती शिल्लक नसायची. "शिकलेली माणसं," सेट उतरवताना हिंमतराव म्हणायचे आणि बाजूला पचकन थुंकायचे. हे गेली अकरा वर्षं चाललं होतं.

तर त्या शुक्रवारी दुपारी रिसबुडांची जीप गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली, म्हणजे दाराच्या थोडी पुढेच जाऊन थांबली. चालवत होती त्यांची मुलगी नम्रता. खराडीला आयटीत नोकरी करणारी, सरळ आणि नीटनेटकी पोरगी. बापाचा तोरा तिने घेतला नव्हता, एवढं हिंमतरावसुद्धा मान्य करायचे.

"काका, जरा हवा बघून द्या," ती उतरत म्हणाली. "उद्या पहाटे महाडला निघायचंय. नणंदेचा साखरपुडा आहे. आमची गाडी नेमकी सर्व्हिसिंगला अडकलीय. बाबा म्हणाले, जीप ने, आत्ताच पास झालीय."

"कोण कोण हाय?"

"मी, सासूबाई, सासरे आणि आमची छोटी कादंबरी. वरंध्यातून जाऊ."

हिंमतरावांच्या हातातला पाना हातातच राहिला. वरंधा म्हणजे भोर सोडलं की वळणावर वळण, आणि पुढे खाली महाडपर्यंत नुसता उतार. त्यांनी टायरकडे पाहिलं. स्वतःच्याच हाताने आठ दिवसांपूर्वी परत बसवलेले, टकले, ओरिजिनल. सेट आता त्या चौघांतल्या केदारच्या जीपला होता, तिचं पासिंग सोमवारी.

"ब्रेक कसा वाटला, ताई?"

"दोन-तीनदा पंप मारावा लागतो. बाबा म्हणाले, जुन्या गाडीची तशी तब्येतच असते." तिने मोबाइलवर सर्टिफिकेट काढून दाखवलं. "मी म्हटलं होतं त्यांना, कागद बघितल्याशिवाय मी कादंबरीला यात बसवणार नाही. हे बघा, पुढची पाच वर्षं."

हिंमतराव "आलोच" म्हणून मागच्या बाजूला गेले आणि त्यांनी रिसबुडांना फोन लावला.

"साहेब, ताई गाडी घेऊन घाटात निघाल्यात."

"हो, मीच सांगितलं. काय अडचण आहे?"

"अहो, ब्रेक न्हाईत गाडीला."

"हळू चालवते ती."

"उतारावर हळू चालवायलाच ब्रेक लागतो, साहेब."

मग रिसबूड त्यांच्या जुन्या, दावे नामंजूर करण्याच्या आवाजात म्हणाले, "हिंमतराव, गाडी रीतसर तपासून पास केलेली आहे. तसा कागद आहे माझ्याकडे. आपण मेकॅनिक आहात, आपण हवा भरावी. आणि तिच्यासमोर काहीबाही बोलू नका. सासरच्या माणसांत माझी शोभा करायची आहे का?"

फोन बंद झाला. हिंमतराव बघतच राहिले. या माणसाला स्वतःच रचलेला कागद आता खरा वाटायला लागला होता! अक्कल गहाण टाकतात ती लोकं निदान पावती तरी जपून ठेवतात, याने तर पावतीच देव्हाऱ्यात ठेवून पूजा मांडली. पोटच्या पोरीपेक्षा, नातीपेक्षा याला शोभा मोठी. हिंमतरावांना असा संताप आला की ते तडक पुढे आले आणि त्यांनी नम्रताच्या हातातून किल्ली काढून घेतली.

"गाडी न्यायची न्हाई, ताई."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. सेट काय, तो कधी चढतो, कधी उतरतो, आत्ता कुठल्या गाडीला आहे. सांगताना त्यांना बरंही वाटत होतं. ओरिजिनलचं वेड, परीक्षकांचे गुण, शोभा, काही म्हणून सोडलं नाही. "तुमचे वडील म्हणून बोलू नये," असं म्हणत म्हणत ते पुष्कळच बोलले.

नम्रताने फोन काढला आणि उद्यासाठी भाड्याची गाडी सांगितली. फोन ठेवला, जीपकडे पाहिलं आणि मग विचारलं, "दर पाच वर्षांनी, ना?"

"हां."

"कादंबरी पावणेपाच वर्षांची आहे."

हिंमतरावांना आधी काही उमगलं नाही.

"मागच्या वेळी गाडी पास झाली तेव्हा मला सातवा महिना होता," नम्रता म्हणाली. "माहेरी डोहाळजेवण झालं आणि बाबा मला सासरच्या गावी, महाडला सोडायला निघाले. याच गाडीतून, याच घाटातून. निघताना गाडी घ्यायला आम्ही इथे आलो होतो. त्या दिवशी सेट कुठे होता, काका?"

हिंमतराव पान्यावरचं ग्रीस पुसू लागले. पुसलेलंच होतं, तरी पुसत राहिले.

"सकाळीच उतरवला व्हता," शेवटी ते म्हणाले.

"मला गाडीत चढता येत नव्हतं. उंच पडत होती. तुम्ही आतून स्टूल आणलंत, हात धरून मला बसवलंत, आणि सांभाळून जा म्हणालात."

"साहेबांना म्हणलो व्हतो मी, सावकाश जावा म्हणून."

"मला नाही म्हणालात."

रस्त्यावरून एक रिक्षा येत होती, तिला नम्रताने हात केला. चढण्यापूर्वी ती वळली. चिडलेली नव्हती. चिडली असती तर हिंमतरावांना सोपं गेलं असतं.

"बाबांना नावं ठेवायची तेवढी ठेवा, काका. ते मूर्ख आहेत, त्यांना गाडी थांबते असं वाटतं. तुम्हाला तर माहीत होतं."

रिक्षा निघून गेली. तोंडात मारल्यासारखे हिंमतराव जीपशेजारी उभे राहिले. थोड्या वेळाने रिसबुडांचा फोन आला. एरवी त्या माणसासाठी त्यांच्या जिभेवर दहा टोमणे तयार असायचे. फोन वाजून वाजून बंद झाला, पुन्हा वाजला, आणि हिंमतरावांना तो उचलायची लाज वाटली.