उरलंसुरलं

नंदनवन वस्तीतल्या त्या घरात आधी पुरुष जेवत, मग यमुताई, आणि सगळं आवरून झालं की ओट्याशी उभ्याने त्यांची सून कामिनी. जे उरेल ते खायचं. कधी पातेलंभर मेथी, कधी चटणी-पोळी, कधी तेही नाही. सात वर्षं हे असंच चाललं होतं.

दीड महिन्यापूर्वी तिच्या हृदयात धातूची झडप बसवली. झडपेवर रक्त गोठू नये म्हणून रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. रक्त किती पातळ आहे याची दर आठवड्याला तपासणी होई, पण आकडा कधी घसरे, कधी भलताच चढे. घसरला तर झडप अडकण्याची भीती, चढला तर रक्तस्रावाची. गेल्या आठवड्यात चूळ भरताना हिरड्यांतून रक्त आलं होतं.

"गोळ्या चुकवत असन," यमुताई दवाखान्यात सगळ्यांदेखत म्हणाल्या. नवरा सौरव मोबाइलमधून मान वर न काढता "हो ना" म्हणाला. कामिनीला संताप आला. तिने एकही गोळी चुकवली नव्हती.

मोनाली सिस्टरने पाकीट तपासलं. गोळ्या बरोबर होत्या.

"ताई, काल काय जेवल्या?"

"मेथी. लय उरली होती."

"अन् परवा?"

"परवा काही उरलंच नाही."

सिस्टरचा पारा चढला. ती यमुताईंकडे वळली. "पालेभाजीनं या गोळीचा जोर कमी होते. भाजी सोडायची नाही, पण रोज सारखीच पाहिजे, पोटभर जेवणासंग. तुमी हिले उरलंसुरलं खाऊ घालून राहिल्या, मंग डोस बसन कसा?"

"म्हंजे सुनेनं पुरुषाईच्या आधी जेवावं? आमच्यात नाही चालत!"

"अन् सून मेलेली चालते?"

दुसऱ्या दिवशी पोळ्या झाल्याबरोबर कामिनीने आपलं ताट वाढलं आणि जेवायला बसली.

"काहून वं, लाज इकली का?" यमुताईंनी आकांडतांडव केलं, तिचं माहेर काढलं, ताट ओढायला हात घातला. कामिनीने ताट घट्ट धरलं.

सौरव दारात आला. "मले भूक लागली."

"थांबा जी," ती म्हणाली. "माहं होऊ द्या. उरन ते तुमचं."

वाचकहो, बाई उद्धट वाटली ना? हेच वाक्य त्या घराने तिला सात वर्षं रोज ऐकवलं, तेव्हा कुणालाच ते उद्धट वाटलं नव्हतं.