चार नापास मशिनं

"रंग परवाच मारलाय," कृष्णात म्हणाला. त्याने ड्रिल मशीनच्या खांबावर नख ओढलं आणि नखाखाली आलेला हिरवा पापुद्रा मल्लाप्पाच्या नाकासमोर धरला. "खाली काय लपवलंयस?"

"काय लपवणार अण्णा? गंज होता स्वल्प, घासला. रंगवलं नाही तर म्हणाल जुनाट आहे. रंगवलं तर म्हणता लपवलंय."

मल्लाप्पाचं दुकान सिटी मार्केटच्या मागच्या गल्लीत होतं. जुनी यंत्रं घ्यायची, दुरुस्त करायची आणि विकायची, हा त्याचा धंदा. माणूस अथणीकडचा, मराठी त्याच्या घरचीच. कृष्णात निपाणीचा. एवढ्या ओळखीवर दुसरा कुणी विश्वास टाकून मोकळा झाला असता. कृष्णातला त्यामुळेच जास्त संशय येत होता. आपल्याकडचा माणूस गोड बोलून वाईट माल गळ्यात मारतो असं त्याचं मत होतं, आणि मतं बदलायची त्याला सवय नव्हती.

बावीस वर्षं तो एका सरकारी कारखान्यात तपासनीस होता. दुसऱ्यांनी बनवलेला माल मोजायचा आणि एखादा थाउ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, जरी चुकला तरी परत धाडायचा. कृष्णातने पास केलं म्हटलं की पुढे कुणी मोजत नसे. असं असताना शेवटच्या वर्षी फोरमन सयाजीरावांनी त्याला तिथून उचलून स्टोअरमध्ये बसवलं. कारण विचारलं तर म्हणाले, "आता जरा आराम करा." कृष्णातच्या ते जिव्हारी लागलं. सयाजीरावांना आपला भाचा त्या जागेवर चिकटवायचा होता, हे त्याने मनाशी पक्कं करून टाकलं. तो भाचा मद्रासला रेल्वेत नोकरीला होता, ही अडचण त्याने विचारात घेतली नाही.

निवृत्त झाल्यावर मल्लेश्वरमच्या घरी त्याने मागच्या पडवीत फणसाच्या फळीचं टेबल ठोकलं. आता त्यावर ठेवायला छोटंसं ड्रिल मशीन हवं होतं. ते आलं की लोखंडाच्या पट्टीत ओळीने बारा भोकं अशी पाडायची, की ती पट्टी सयाजीरावांसमोर ठेवून विचारता यावं, "सांगा, माझ्या हातात काय खोट होती?" त्यासाठी मशीन निर्दोष पाहिजे. गेल्या तीन शनिवारी त्याने याच गल्लीतली तीन मशिनं नापास केली होती, आणि तीही गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात.

आज बायको, शालन, बरोबर आली होती. फुलबाजारातून शेवंती घ्यायची म्हणून. फुलं घेऊन झाली तरी बाई दुकानाच्या पायरीवरून हलेना. मघाशी कृष्णात मशीनची बैठक बघायला वाकला, तेव्हा ती मल्लाप्पाशी कन्नडमधून हलक्या आवाजात काहीतरी बोलली, आणि तो वळताच दोघंही गप्प झाली. कृष्णातच्या मनात पाल चुकचुकली. हल्ली घरीही असंच चाललं होतं. ती त्याच्या कपात चहा निम्माच ओते. तो दाढीला बसला की न्हाव्याला बोलावू का म्हणून विचारी. बायको काहीतरी लपवते आहे एवढं त्याला कळत होतं. काय ते कळत नव्हतं.

"सरी, बरं, मोजून घ्या," मल्लाप्पा म्हणाला.

कृष्णातने पिशवीतून आपला डायल गेज काढला. चकमध्ये, म्हणजे ड्रिलचं पातं धरणाऱ्या फिरत्या जबड्यात, सरळ घासलेली सळई आवळली, गेजचं टोक तिला टेकवलं आणि चक हाताने हळूहळू फिरवू लागला. मशीन सरळ असेल तर डायलची सुई जागची हलता कामा नये. सुई थडथडली.

"बघ! दोन थाउ... तीन! बेरिंग गेलंय तुझं."

मल्लाप्पाने सुईकडे पाहिलं, मग शालनकडे, आणि मान खाजवली. "असेल अण्णा."

कृष्णात थबकला. आधीचे तिघेही असंच म्हणाले होते. आपल्या मालाला नावं ठेवली तरी एकही दुकानदार भांडला नव्हता. हे काही धंद्याचं लक्षण नव्हे. कुठेतरी पाणी मुरत होतं.

"असेल म्हणजे? तू फिरव."

"मी कशाला? तुम्ही जाणकार."

"फिरव म्हणतो ना!"

मल्लाप्पाने नाइलाजाने चक फिरवला. सुई शून्यावर गप्प उभी राहिली.

"ही हातचलाखी आहे," कृष्णात कडाडला. "तू बोटाने दाब देतोयस. बाजूला हो. अगं, तू ये इकडे. तू फिरव."

"मला काय कळतंय त्यातलं? चला घरी, ऊन चढलं."

"कळत नाही म्हणूनच ये. तुझ्या हातून लबाडी होणार नाही."

"नको ना हो," शालन म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता, पण कृष्णातची नजर डायलवर होती. ती पुढे आली. बांगड्या मागे सारून तिने चक धरला आणि फिरवला. एक फेरा, दुसरा फेरा. सुई हलली नाही.

कृष्णातने तिच्या हाताशेजारी आपली बोटं अलगद टेकवली. सुई थडथडू लागली. बोटं उचलली, सुई थांबली. पुन्हा टेकवली, पुन्हा थडथड. नियमाप्रमाणे त्याने हे तीनदा केलं. मग बोटं दाराच्या उजेडात धरून बघितली. ती कापत होती. आधी दिसली नव्हती असं नाही. पण तेव्हा थंडी होती, जागरण होतं, काही ना काही होतं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"दोन वर्षं होतील. सयाजीराव घरी येऊन गेले होते. तुम्हाला कसं सांगावं म्हणत होते. मीच म्हटलं, सांगू नका."

वर्षभर रोज उठून आपण त्या माणसाला शिव्या दिल्या, हे आठवून कृष्णातला इतकी लाज वाटली की बायकोवर रागवायचंही त्याला सुचलं नाही.

"नाही हो अण्णा," मल्लाप्पा घाईने म्हणाला, "बेरिंग ढिलंच आहे. बदलतो. पुढच्या शनिवारी या."

"खोटं बोलू नकोस. मशीन पास आहे. गिऱ्हाईक आलं तर सांग, कृष्णातने मोजलंय. आणि मी मघाशी ओरडलो म्हणून कुणी भाव पाडून मागितला तर देऊ नकोस."

"तुम्ही नाही नेणार?"

कृष्णात मशीनकडे बघत राहिला. खांब सरळ होता, टेबल सपाट होतं. असंच मशीन तो शोधत होता.

"नाही," तो म्हणाला.

बाहेर आल्यावर शालन बसथांब्याकडे वळली. तो उलट्या दिशेने गल्लीत शिरला.

"अहो, कुठे?"

"तीन दुकानं राहिलीत."

पहिलं दुकान आप्पाजीचं. कृष्णातला पायरी चढताना बघून आप्पाजी नकळत आपल्या मालाच्या आड उभा राहिला.

"आप्पाजी, मी तुमचं मशीन नापास केलं होतं," कृष्णात म्हणाला. आवाज त्या दिवशीइतकाच मोठा होता. शेजारच्या दोन दुकानांतून माना बाहेर आल्या. "मशीन बरोबर होतं. चूक माझ्या हाताची होती."

आप्पाजीला आठवायला वेळ लागला. "ते काळं होय? ते गेलं की अण्णा. आनेकलच्या एकानं नेलं."

"चालतंय?"

"झक्क चालतंय म्हणाला."

"चालणारच," कृष्णात म्हणाला, आणि शेजारच्या दुकानाची पायरी चढू लागला.