मी ओरडलो, माणसं आत गेली

मी खाणीवरचा भोंगा बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, जन्मभर नुसता बोंबललो. बोलायला मला कोणी शिकवलंच नाही.

गोवा राज्य झालं, त्याच्या दुसऱ्या वर्षी मला डिचोलीतल्या एका खाणीवर खांबाला बसवलं. सुरुंग फोडायच्या आधी मला वाजवायचे. मी ओरडलो की खालच्या वाड्यावरची माणसं पोरं उचलून घरात शिरायची, दारं लावायची. उडालेला दगड डोक्यात बसू नये म्हणून. एवढं मात्र कंपनीने घरोघर फिरून शिकवलं होतं. माणसं शिकली. मला शिव्या घालायची, पण आत जायची.

मग एका पावसाळ्यात खाणीच्या मातीचा डोंगर भिजून फुगला. खालचा बांध सुटायला लागला. राखणदार सगुण धावत ऑफिसात आला.

"सायबा, वाड्यार माणूस धाडूया. देवळाकडे वयर चडा म्हणून सांगूक जाय."

"लोक घाबरतील. उद्या पेपरात येईल. भोंगा दे, पुरे."

भोंगा दिला.

खाली यशोदा लाकडं झाकत होती. सासू ओसरीवर बसली होती.

"आवय, भितर चला, सुरुंग फुटतलो!"

"पावसात खंयचो सुरुंग गे? मेल्यांक आजच सुचलां!" म्हातारी करवादली, पण गेली. यशोदेने दाराला अडसर घातला.

मी वरून बघत होतो. जितका जोरात ओरडलो, तितकी दारं पटापट लागली.

चिखल आला तसं दार उघडेना. यशोदेला कौलं फोडून काढलं. म्हातारीला काढायला उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी साहेब पेपरवाल्यांना म्हणाला, "आम्ही भोंगा दिला होता." खोटं नव्हतं ते. त्याचीच मला जास्त लाज वाटते.

यशोदा चिखलाच्या लुगड्यानिशी पुढे आली. "भोंगो दिलो! दिलो म्हणान तर आमी भितर गेलों! चार पावलां चलान येवन 'पळा' म्हणूक तुमकां तोंड नाय होता?"

साहेबाने छत्री उघडली आणि गाडीत जाऊन बसला.

आता खाण बंद आहे. माझ्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर केलंय. बरं केलंय. पण सायबांनो, उद्या कुठे धरण बांधाल, कारखाना काढाल, तर माझ्यासारखा एक टांगून हात झटकू नका. चालत खाली जा. दार ठोठावा. तोंडाने सांगा.

आणि यशोदे, तू अजून या वाटेने जातेस, पण मान वर करून माझ्याकडे बघत नाहीस. बघूच नको.