खोलीतली चटचट

रेडिओच्या बातम्या तेव्हा थेट वाचत. खोलीत जाड गालिचा, दारावर लाल दिवा, आणि थंडीत हवा इतकी कोरडी की दाराच्या मुठीला हात लावला तरी झटका बसे. एका हिवाळ्यात बातम्यांबरोबर चट् चट् असा आवाज जाऊ लागला, आणि सगळ्यांनी तो नव्या मुलीच्या माथी मारला.

"नायलॉन घालून येते, दुसरं काय!" थोरल्या बाई म्हणाल्या. त्या इतकी वर्षं बातम्या वाचत होत्या की खुर्चीला त्यांच्या पाठीचा बाक आला होता.

कपड्यांत वीज साठू नये म्हणून नवीने करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. आतून-बाहेरून सुती कपडे, धुताना शेवटच्या पाण्यात व्हिनेगर, अस्तराच्या काठाला सेफ्टी पिन. आत जाताना कपड्यांवरून ओला हातही फिरवायची. तरी चटचट चालूच. हापिसात तिला 'चटचट'च म्हणू लागले.

"आज आवाज आला, तर उद्या येऊ नकोस," यंत्रावर बसणारे काका म्हणाले.

"काका, मी नायलॉन घालतच नाही हो!"

"असू दे गं," थोरल्या बाई गोड हसल्या. "श्रोत्यांच्या पत्रांची पाकिटं फोडायला हापिसात माणूस हवंच आहे."

लाल दिवा लागला. थोरल्या बाई वाचू लागल्या. शेजारी नवी आपली पानं धरून दगडासारखी बसली. चट्. काकांनी काचेपलीकडून तिच्यावर डोळे वटारले. ती तर हललीही नव्हती. चट् चट्. काकांनी बोटाने दार दाखवलं.

तेवढ्यात बाईंनी वाचून झालेलं पान मांडीवर सरकवलं. ते घसरलं, पण पडेना. लोकरीच्या झग्याला चिकटून लटकलं. बाईंनी पायाला लपेटलेला झगा चिमटीने सोडवला. चट्! खालून परकराची कड डोकावली. गुळगुळीत, चकचकीत नायलॉन.

नवीचं डोकं फिरलं. तोंड उघडायची सोय नव्हती. सगळ्या गावाने ऐकलं असतं. तिने समोरच्या पाण्याच्या पेल्यात हात बुडवला आणि टेबलाखालून बाईंच्या परकरावर सपकन फिरवला. पुन्हा बुडवला, पुन्हा फिरवला.

बाई गारठून शहारल्या. पण एक अक्षर घसरेल तर शपथ! धान्याचे भाव तशाच संथपणे वाचत त्यांनी नवीच्या दंडाला असा चिमटा काढला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नखं रुतलेली असतानाच नवीची वाचायची पाळी आली.

"आता हवामान," ती वाचू लागली. आवाज कापला नाही. चटचटही नव्हती.

दिवा विझताच काका आत आले. "थांबला कसा?"

"हिने माझ्यावर पाणी ओतलं!" बाई उसळल्या.

"परकर नायलॉनचा आहे त्यांचा," नवी म्हणाली.

काकांनी झग्यावरचा ओला डाग पाहिला. "म्हणजे तुम्ही? आणि मी रोज या पोरीला फाडून खातोय!"

"आता माझे कपडे तपासणार की काय तुम्ही?"

"मी कशाला? ही तपासेल. रोज, आत जायच्या आधी."

दुसऱ्या संध्याकाळी नवी दारात वाडगा घेऊन उभी होती.

"मी सुती घातलंय," बाई दात खाऊन म्हणाल्या.

"असेल की. तरी जरा वळा, ताई."

वाडग्यातलं पाणी तिने दुपारपासून खिडकीबाहेर थंडीत ठेवलं होतं.