एकशे एक्कावन्न कुलपं

दाराला कुलूप दिसलं की शेजारचं दार वाजवायचं. चार वर्षं मी हेच केलं, आणि मान वर करून केलं.

पाहणीच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं होतं. घर बंद असेल तर वेगवेगळ्या वेळी तीनदा जा, म्हणे. पुस्तिका लिहिणाऱ्याचं बरं असतं, त्याच्या पायांना फोड येत नाहीत. आम्हाला दिवसाला दहा फॉर्म भरून द्यायचे असायचे, तेही अकरा ते चार या वेळात. ऑफिसात बसलेला आमचा सुपरवायझर दर अर्ध्या तासाने फोन करून म्हणायचा, "आटपा, फटाफट!" त्याचं नावच फटाफट पडलं. चौदा नंबरला कुलूप? पंधरा नंबर घ्या. बाई ती बाईच, घर ते घरच, हे त्याचं शास्त्र. टॅबमध्ये 'घर बंद' असं बटण होतं, पण ते दाबलं की ऑफिसातून दहा प्रश्न यायचे. मग कोण कशाला दाबतंय!

ही पाहणी पाळणाघरांची होती. शहरातल्या चोवीस वस्त्यांच्या चिठ्ठ्या टाकून बारा उचलल्या आणि त्या बारांमध्ये सरकारी पाळणाघरं उघडली. उरलेल्या बारांमध्ये काही नाही. दोन कुंड्या ठेवायच्या, एकीला खत घालायचं, दुसरीला नाही, आणि मग उंची मोजायची, तसं. दोन वर्षांनी दोन्हीकडच्या लहान मुलांच्या आयांना विचारायचं, कामाला जाता का? ही मांडणी ज्या बाईच्या डोक्यातून निघाली ती अर्थशास्त्रातली मोठी विद्वान. आम्ही तिला मॅडम म्हणायचो. ती हुशार होती यात वाद नाही. पण ज्या वस्त्यांवर ती बोलायची, त्या तिने गाडीच्या काचेतून पाहिल्या होत्या.

एका सोमवारी मॅडमनी आम्हा दहाजणींना ऑफिसात बोलावलं. भिंतीवरच्या पडद्यावर आलेखाचे दोन खांब उभे होते, अगदी एका उंचीचे.

"शंभरात एकतीस इकडे, शंभरात एकतीस तिकडे," मॅडम म्हणाल्या. "पाळणाघरांमुळे कामाला जाणाऱ्या बायका वाढल्या नाहीत. समितीला मी कळवलंय. पुढच्या मंगळवारी त्यांच्यापुढे मांडायचं, मग ते योजना बंद करतील. तुम्ही सगळ्यांनी फार चोख काम केलंत."

फटाफटने टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. मीही.

संध्याकाळी वहिनीकडे गेले. माझी वहिनी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काम करते. पावणेसहाला घर सोडते, दोन वर्षांच्या पोरीला कोपऱ्यावरच्या पाळणाघरात देते आणि सहाला यंत्रापुढे उभी राहते. ती पोरीचे केस विंचरत होती.

"पाळणाघर बंद होणार बहुतेक," मी सांगितलं.

"का गं? काय झालं?"

"त्याने काही फरक पडत नाही असं निघालंय. कामाला जाणाऱ्या आया वाढल्याच नाहीत."

कंगवा केसांतच थांबला. "मग मी रोज पहाटे कुठे जाते, वन्सं? माहेरी?"

"वहिनी, हे एकट्या तुझं नाही. हे सगळ्यांचं मिळून काढतात."

"त्या सगळ्यांत मी आहे का?"

मी पोरीची रिबीन शोधायला लागले.

"आहे का, ते सांग ना! आमच्या गल्लीत तर तूच फिरत होतीस. शेजारणीला अर्धा तास प्रश्न विचारलेस, ती सांगत होती. तिला तर तिचा नवरा उंबरा ओलांडू देत नाही. तिचं पोर कधी पाळणाघरात गेलं नाही. ती फॉर्मात आणि मी नाही, हे कसं?"

"यादीत तुझंच घर होतं. पण दाराला कुलूप होतं."

"अगं ए शहाणे," ती म्हणाली, "मी कामावर होते म्हणून कुलूप होतं!"

पोर हसली. तिला वाटलं, आई गंमत करतेय.

मला मात्र हसू आलं नाही. चार वर्षांत पाहिलेली कुलपं एकेक करून डोळ्यांपुढे आली. जी बाई कामाला लागली तिच्या दाराला कुलूप, आणि कुलूप दिसलं की आम्ही तिच्या जागी घरात बसलेली बाई लिहायचो. मग म्हणायचो, बघा, सगळ्या घरातच बसल्यात! खत घातलेल्या कुंडीतली उंच रोपं आम्ही स्वतःच्या हातांनी कापली होती, आणि नंतर मोजपट्टी लावली होती.

सकाळी ऑफिसच्या जिन्यातच फटाफट भेटला. माझ्या तोंडाकडे बघून त्याने ओळखलं असावं.

"मॅडम कामात आहेत."

"मी पण कामातच आहे. यादीतली घरं बदलली, ते सांगायला आलेय."

"वेडी आहेस का? फॉर्मवर सही तुझी आहे. पहिली तूच घरी जाशील."

"जाईन की. फटाफट जाईन," मी म्हटलं आणि दार ढकललं.

मॅडमच्या टेबलावर कागदांचे गठ्ठे आणि अर्धा प्यायलेला चहा होता. मी उभ्या उभ्याच वहिनीसकट सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"किती घरं बदललीत?"

"माझी एकोणीस. बाकीच्यांची तुमच्याकडेच आहेत. तुम्ही दिलेली यादी आणि आमचे आलेले फॉर्म शेजारी शेजारी ठेवा, घरांचे नंबर जुळवून बघा. दोन महिने झाले, कुणी बघितलं नाही."

त्यांना ते लागलं. "तुमची वहिनी त्या पाळणाघरात मूल ठेवते म्हणून हे बोलताय का?"

"हो, म्हणूनच. तिने माझे डोळे उघडले नसते तर मीही टाळ्याच वाजवत बसले असते. पण नंबर काही माझ्या वहिनीचे नातेवाईक नाहीत. ते बघा."

दुपारपर्यंत आम्ही दोघी नंबर जुळवत बसलो. पाळणाघरं असलेल्या वस्त्यांत चारशे ऐंशीपैकी एकशे बारा घरं बदललेली निघाली. नसलेल्या वस्त्यांत तेवढ्याच घरांपैकी एकोणचाळीस.

मॅडमनी ते दोन आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहिले. "बदललेली घरं दोन्हीकडे सारखीच असती तर कदाचित निभावलं असतं," त्या म्हणाल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "माझे दोन खांब सारखे आले, तेव्हा मला आनंद झाला होता. किती स्वच्छ निकाल, असं वाटलं."

"आता काय करायचं?"

"सात दिवस आहेत. ही एकशे एक्कावन्न कुलपं उघडायची. बायका घरी कधी असतात?"

"पहाटे पाचला आणि रविवारी."

हा प्रश्न त्यांनी दोन वर्षांपूर्वी विचारायला हवा होता, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं नाही, बोलून टाकलं. त्यांनी मान डोलावली आणि वहीत वेळ लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मॅडम स्वतः आल्या. पायात नवे कोरे बूट, हातात टॅब. पहिल्याच दारात एक बाई कडेवर पोर घेऊन कुलूप लावत होती.

"ताई, पाच मिनिटं हवी होती," मॅडम म्हणाल्या.

"पाच मिनिटं माझ्याकडे असती तर मी केस नसते का विंचरले? बस गेली तर तुम्ही पाठीवर घेऊन जाणार का मला?"

"चालता चालता विचारते."

"मग चला. पण हे धरा." आणि तिने डबा मॅडमच्या हातात दिला. एवढी शिकलेली बाई तो डबा सांभाळत, एका हाताने टॅब दाबत, तिच्या मागे अर्धवट पळत होती. मी मागून बघत होते आणि खरं सांगते, त्या दिवशी मला ती पहिल्यांदा आवडली.

वहिनीचा फॉर्मही मॅडमनीच भरला. नातेवाइकाचा फॉर्म मला भरता येत नाही. हा नियम मात्र आम्ही पाळला.

एकशे बारांपैकी चौऱ्याण्णव बायका भेटल्या, त्यांतल्या एक्क्याऐंशी कामाला जाणाऱ्या. एकोणचाळीसपैकी तेहतीस भेटल्या, कामाला जाणाऱ्या चोवीस. आम्ही घुसडलेले फॉर्म काढून टाकले, हे घातले आणि पुन्हा मोजलं. पाळणाघरं असलेल्या वस्त्यांत शंभरात बेचाळीस, नसलेल्यांत चौतीस. खांब आता सारखे नव्हते.

मंगळवारी समितीच्या खोलीत मॅडमनी मला मागच्या खुर्चीवर बसवलं. अध्यक्ष साहेबांनी कागद उलटसुलट केले.

"मागच्या आठवड्यात तुम्ही फरक शून्य म्हणून कळवलंत. आज आठ म्हणताय. उद्या काय, वीस?"

"मागचा अहवाल चुकीचा होता," मॅडम म्हणाल्या. आवाज जराही हलला नाही. "तो मी लिहिला होता. चूक कशी झाली ते चौथ्या पानावर आहे. मुलाखती कुणी, किती वाजता घेतल्या, तेही आहे. तुम्ही कुणालाही पाठवून तपासू शकता."

"पण आठ म्हणजे काही फार नाही."

मला बोलायची परवानगी नव्हती. मी उठलेच.

"साहेब, ही बैठक तुम्ही सकाळी अकराला ठेवलीत. ज्यांचं पाळणाघर बंद करायचं म्हणताय त्यांतली एक तरी बाई अकराला इथे येऊ शकेल का? आम्हीही अकरालाच गेलो होतो. म्हणून तर शून्य आलं होतं."

साहेबांनी चौथं पान काढलं आणि या वेळी खरंच वाचलं.

पाळणाघरं राहिली. दोन वर्षांनी पुन्हा मोजायचं ठरलं. फटाफटला काढलं आणि मलाही काढलं, कारण सही माझी होती. मी भांडले नाही, ते बरोबरच होतं. महिन्याभराने मॅडमचा फोन आला. नव्या मुलींना शिकवायला या, म्हणाल्या, पुस्तिकाही तुम्हीच दुरुस्त करा. मी पहिलीच ओळ बदलली: पहिली फेरी पहाटे पाचला.

काल अकराच्या सुमाराला वहिनीच्या गल्लीतून जात होते. तिच्या दाराला कुलूप होतं. मी ते हातात धरून ओढून पाहिलं. घट्ट लागलेलं होतं.

शेजारीण दारातून म्हणाली, "ती कामावर गेलीय."

"माहीत आहे," मी म्हटलं.