संयोगिताकडे पाहुणे आले आहेत

आमची सोसायटी आधुनिक झाली तेव्हा सगळ्यात आधी फाटकावरचा पिराजी बिनकामाचा झाला. त्याला काढलं नाही. खुर्ची दिली आणि सांगितलं, आता माणसं तू ओळखायची नाहीत, मशीन ओळखेल. पिराजी पोस्टमनपासून कुत्र्यापर्यंत सगळ्यांना नावानं ओळखायचा. तेच बहुतेक धोक्याचं होतं.

हे सगळं आणलं सेक्रेटरी धैर्यशीलनं. कॉम्प्युटरवाला पोरगा, मनानं वाईट नाही. फुलेवाडीतल्या आमच्या इमारतीत आजवर एकदाच चोरी झाली. गच्चीवर वाळत घातलेले सांडगे गेले, आणि ते कावळ्यांनी नेले. तरी सुरक्षा पाहिजे म्हणून फाटकावर कॅमेरा बसला. राहणाऱ्याचा चेहरा दिसला की फाटक आपोआप उघडणार. चेहरा ओळखीचा नसेल तर तो पाहुणा. त्यानं घराचा नंबर दाबायचा, मग त्या घरच्या मुख्य सदस्याला फोन जाणार आणि मशीनमधली बाई सांगणार, आत सोडायचं असेल तर एक दाबा.

आमच्या घरची मुख्य सदस्य संयोगिता, माझी बायको. फ्लॅट तिच्या नावावर, नंबर तिचा. घरात कोण यायचं हे पहिल्यापासून तीच ठरवायची, त्यामुळे मशीनचं काही चुकलं नव्हतं. अडचण एवढीच, की मशीन आलं तेव्हा तिला जाऊन सहा महिने झाले होते. सोसायटीची जुनी नावं कुणीतरी तशीच मशीनला दिली होती.

धैर्यशील नाव बदलायला घरी आला. मोबाईलवर नाव काढायची कारणं होती: घर विकले, भाड्याने दिले, घर सोडून गेले. वारले असं कारण नव्हतं. ज्यांनी हे बनवलं त्यांच्याकडं अजून कुणी मेलेलं नसावं.

"काका, घर सोडून गेले असं टाकूया की," तो म्हणाला.

मी म्हणालो, भांडण झालं तरी ती कधी आजऱ्याला माहेरी निघून गेली नाही. आता सोडून गेली म्हणून मी कसं सांगू?

खरं कारण मी त्याला सांगितलं नाही. पाहुणा आला की तिचा फोन वाजायचा आणि मशीनमधली बाई म्हणायची, "संयोगिता, आपल्याकडे पाहुणे आले आहेत." बाकी सगळे तिला 'गेलेली' म्हणायला लागले होते. नावानं हाक मारणारी ती एकच बाई राहिली होती. मी फोन चार्जिंगला लावून ठेवायचो.

मग वर्षश्राद्ध आलं. आम्हाला मूलबाळ नाही, म्हणून विधी मीच केला. पंचगंगेच्या घाटावर डोकं आणि मिशी उतरवली. संयोगिताचा भाऊ आकाराम आजऱ्याहून घनसाळ तांदळाची पिशवी घेऊन आला होता, तो बरोबर होता. घरी माझी थोरली बहीण चिमणाआक्का स्वयंपाक करत होती. बारा वाजायच्या आत कावळ्याला पान ठेवायचं होतं.

आम्ही फाटकाशी आलो. कॅमेऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी कॅमेऱ्याकडं बघितलं. मिशीशिवाय त्यानं मला कधी पाहिलं नव्हतं.

"पाहुणे, कृपया थांबा," मशीन म्हणालं.

मी आमच्या घराचा नंबर दाबला आणि वर घरात संयोगिताचा फोन वाजायला लागला. तो तिच्या फोटोपुढं ठेवलेला होता. आक्कानं उचलला आणि मशीनमधल्या बाईला सांगितलं, ती न्हाय बाई, वर्स झालं जाऊन. एक दाबायचं तिला सुचलं नाही आणि मशीनला ते समजलं नाही. असं तीनदा झालं. तीनदा उत्तर आलं नाही की पाहुणा संशयित धरतात. त्याला मग फक्त सेक्रेटरी सोडू शकतो.

"दाजी, तुमास्नी तुमच्याच घरात सोडंनात व्हय?" आकारामनं विचारलं.

"व्हय की. घरची मालकीण उत्तर देत न्हाय."

पिराजी खुर्चीतून उठून म्हणाला, साहेब, मी ओळखतो की तुम्हाला. पण त्याच्या ओळखीनं फाटक उघडत नव्हतं.

धैर्यशील खाली आला. त्याला वाईट वाटत होतं, पण संशयिताला सोडायला मोबाईलमध्ये नोंद लागते, आणि नियम सगळ्यांना सारखा. मोबाईल माझ्यापुढं धरून म्हणाला, काकूंचं नाव काढा, तुमचं घाला, फाटक लगेच उघडेल. बोट लावायचं तेवढं बाकी होतं. घरी जेवायला माणसं खोळंबली होती. मी बोट पुढं केलं आणि मागं घेतलं.

तेवढ्यात फोनला वैतागलेली आक्का पान घेऊनच खाली आली. बाहेर पडायला मशीन कुणाला विचारत नाही. तिनं पान कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलं. एक कावळा आला आणि कॅमेऱ्यावर बसला. त्याला कुणी थांबा म्हणालं नाही.

पण पानाला शिवेना. आपल्याकडं अशा वेळी गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा ओळखून शब्द द्यायचा असतो. आकारामनं बहिणीला हात जोडले, ताई, दाजींस्नी अंतर देत न्हाय. कावळा हलला नाही. चिमणाआक्का म्हणाली, ह्याच्या जेवणाचं मी बघतो. कावळ्यानं चोच पुसली. शेवटी धैर्यशीलनंही हात जोडले आणि पुटपुटला, काकू, लिफ्टचं काम याच महिन्यात करतो. कावळ्यानं तोंड फिरवलं. त्याला सोसायटीचा अनुभव असावा.

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"तुझं नाव काढत न्हाय," मी म्हणालो. "कारण कायबी असू दे."

कावळा खाली उतरला आणि भातात चोच घातली. त्याला भूक लागली असेल. मी काही म्हणत नाही.

धैर्यशीलनं मोबाईल खिशात टाकला. इतकी वर्षं कॉम्प्युटर शिकलेलं पोरगं, पण कावळ्याशी वाद घालायची त्याची तयारी नव्हती. नाव राहू दे म्हणाला. मग मला पार्सल म्हणून नोंदवलं. पार्सलला कुणाची परवानगी लागत नाही. असा मी माझ्या घरी पोचलो.

नंतर तो नवीन फोटो काढायला दोनदा येऊन गेला. मी मिशी वाढू दे म्हणालो. मिशी मी वाढवलेली नाही, रोज दाढीबरोबर काढतो. बाहेर जाताना संयोगिताचा फोन खिशात असतो. परत आलो की कॅमेरा मला ओळखत नाही, आणि खिशात फोन वाजतो.

"संयोगिता, आपल्याकडे पाहुणे आले आहेत."

मी जरा वाजू देतो. तीसुद्धा दार लगेच उघडायची नाही. मग तिच्या वतीनं एक दाबतो.