हरवलेली की

"ताई, एवढी सही करा," म्हणत साहेबांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि तिथेच उभे राहिले. साहेब सहीसाठी कधी ताटकळत नाहीत, म्हणून मी चष्मा लावून वाचलं.

‘अर्जदाराने माहिती दडवल्यामुळे वर्गवारी चुकली.’ खाली माझं नाव.

परदेशी जाणाऱ्या सॉफ्टवेअरची वर्गवारी आमच्या खोलीत ठरते. गुप्त माहितीला कुलूप लावणारं किंवा ते उघडणारं असेल तर ‘परवानगी लागते’, बाकी सगळं ‘खुलं’. एकतीस वर्षं मी हे रकाने भरतेय. घरी डब्यांवरही चिठ्ठ्या चिकटवते, म्हणून सून हसते. माझ्या सेवापुस्तकात एकही लाल शेरा नाही, आणि निवृत्तीला राहिलेत चार महिने.

नऊ दिवसांपूर्वी एका कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला विमानतळावर अडवलं. त्याच्या लॅपटॉपमध्ये दुरुस्तीचं सॉफ्टवेअर होतं आणि सोबत माझ्या सहीचा ‘खुलं’ असा दाखला. तिथल्यांनी ते चालवून पाहिलं, तर ते बंद डिस्कची कुलपं उघडत होतं. तेव्हापासून तो कोठडीत आहे.

"फाइल बघते आधी," मी म्हटलं.

"बघून काय करणार? त्याची बायको सकाळपासून बाहेर बसलीय. उगाच तिच्या नादी लागू नका."

मी त्याच्या अर्जाची फाइल मागवलीच. पहिल्या पानावर लिहिलं होतं, ‘सर्व की तपासते. हरवलेली की परत मिळवते.’ ते वाचलं आणि मला तो दिवस लख्ख आठवला. त्याच सकाळी माझ्या कीबोर्डवरची ‘म’ची की निखळून कुठेतरी घरंगळली होती. मी शेजारच्या टेबलाला म्हटलंही होतं, "बघ गं, हरवलेल्या की शोधून देणारं निघालंय, माझी ‘म’ सापडेल आता." दोघी हसलो. मी ‘खुलं’वर खूण केली आणि पुढची पानं उलटलीच नाहीत.

तिसऱ्या पानावर त्याने सुवाच्य अक्षरात खुलासा केला होता. ‘की म्हणजे डिस्क बंद करणारा गुप्त आकडा. मालक तो विसरला तर हे शोधून देते. यास परवानगी लागत असल्यास कृपया कळवावे.’

बिचाऱ्याने विचारलं होतं, आणि मी विनोद करत बसले होते.

मी बाहेर गेले. बाकावरची बाई चटकन उठली.

"तुम्हीच का त्या सहीवाल्या ताई? हे म्हणाले, त्यांना भेट. म्हणाले, मी सगळं लिहून दिलं होतं, त्यांना आठवेल."

"आठवलं," मी म्हटलं. "बसा तुम्ही. पाणी प्यायलात का?"

तिच्याकडे बघवेना, म्हणून मी आत आले.

साहेबांनी आवाज खाली आणला. "ताई, तुमच्या भल्याचं सांगतोय. चार महिने राहिलेत. चौकशी लागली तर निरोपाचा हार नाही, वर बोभाटा. आणि तो कोण लागतो तुमचा?"

"कोणी नाही."

"मग?"

"तिसरं पान तुम्ही वाचलंत का, साहेब?"

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. म्हणजे वाचलं होतं. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या अर्जातल्या चुका मी लाल पेनने गोल करून परत पाठवल्या, आणि ते करताना मला मजा यायची, खोटं कशाला बोलू.

त्यांचा कागद मी घडी घालून त्यांच्या हातात दिला आणि कीबोर्ड पुढे ओढला. ‘म’ची की अजून मिळालेली नाही, नवा कीबोर्ड मागवायचा राहूनच जातो. तिथे नुसता रबराचा उंचवटा आहे. नखाने जोर देऊन दाबल्याशिवाय अक्षर उमटत नाही.

मी नख टेकवलं आणि दाबलं. पडद्यावर पहिला शब्द आला, ‘मी’.